रुपया कोणासाठी घसरतो?

रिझर्व्ह बँकेने व्याजदर पाव टक्क्याने खाली आणला की दूरचित्रवाणीवर दिवसभर धांदल उडते. सेन्सेक्स किती उसळला, रोख्यांचे भाव किती चढले, बँकांचे शेअर कुठे पोहोचले, याची आकडेमोड सुरू होते. आपल्या वस्तीतला माणूस ते बघतो आणि चॅनेल बदलतो. आपला त्याच्याशी काय संबंध, असे त्याला वाटते. जयंतीच्या व्यासपीठावरून बोलणारे आपले वक्तेही बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतात, चवदार तळे आणि काळाराम मंदिर सांगतात, धम्मक्रांतीवर येतात आणि भाषण संपवतात. ते सगळे खरेच आहे, पण त्यात एक माणूस राहून जातो. कोलंबिया आणि लंडन अशा दोन विद्यापीठांच्या दोन डॉक्टरेट ज्याने मिळवल्या आणि त्या दोन्ही अर्थशास्त्रात मिळवल्या, तो माणूस. त्याच माणसाने एकेकाळी मुंबईत शेअर बाजाराच्या व्यवहारांचा सल्ला देणारी कचेरी उघडली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? महागाई वाढली, व्याज वाढले, रुपया घसरला, तर त्यात कमावतो कोण आणि गमावतो कोण, हा प्रश्न १९२३ साली इतक्या रोखठोकपणे विचारणारा दुसरा भारतीय अर्थशास्त्रज्ञ आम्हाला तरी दिसत नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज आम्ही रुपयाच्या बाजूने सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले आणि घर चालले ते मुख्यतः ठरलेल्या पेन्शनवर. दापोली, सातारा आणि मग मुंबईत परळची डबक चाळ, असा त्या कुटुंबाचा प्रवास आहे. ठरलेल्या रकमेवर जगणाऱ्या घरात भाव वाढले की काय होते, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. भीमरावाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला तर रामजीबाबा विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. व्याज ही गोष्ट बाबासाहेबांनी प्रथम पुस्तकात वाचली नाही. त्यांची पुस्तकेच व्याजाच्या पैशातून आली होती.

पुढचा शिक्षणाचा भाग वाचकांना पाठ आहे, तो आम्ही भरभर सांगतो. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तिथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मोठे जाणकार प्रा. सेलिग्मन यांचे मार्गदर्शन, १९१५ मध्ये एम. ए., १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. बडोद्याला नोकरीसाठी गेले, तिथे जात आडवी आली. पारशी खानावळीतून सामानासह बाहेर काढले गेले. हे सगळे आपण जाणतो.

मुंबईला परतलेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणापुढे पोटाचा प्रश्न होता. त्याने शिकवण्या केल्या आणि शेअर व रोख्यांच्या व्यवहारात पडणाऱ्यांना सल्ला देणारी कचेरीही उघडली. ती वेळ कोणती होती, हे नीट बघितले पाहिजे. पहिले महायुद्ध चालू होते. परदेशी कापडाची आवक रोडावली होती, लष्कराची खरेदी जोरात होती, कापडाचे भाव चढत होते आणि मुंबईच्या गिरणीमालकांना सुगीचे दिवस आले होते. दलाल स्ट्रीटवरच्या दलालांची संघटना १८७५ पासूनची, पण ज्याला त्याला गिरणीचे शेअर हवेत अशी चढाओढ त्या काळात लागली होती. अशा तेजीच्या बाजारात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला, चलन आणि वित्त यांचा अभ्यास केलेला सल्लागार मिळत असेल तर कोणत्याही व्यापाऱ्याने धावत यायला हवे होते. सुरुवातीला लोक आलेही. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि येणे थांबले. कचेरी बंद करावी लागली.

बाजाराला जात नसते, पैशाला फक्त पैसा कळतो, असे आज आपल्याला सांगितले जाते. खासगीकरणाचे समर्थक तर हे रोज सांगतात. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे की, मग ती कचेरी का बंद पडली? फायद्याचा सल्ला सोडून देण्याइतकी जात त्या व्यापाऱ्यांना मोलाची वाटली. बाजारात नुसते ज्ञान चालत नाही, ते कोणाच्या तोंडून येते तेही पाहिले जाते.

आता त्या कचेरीत बसून बाबासाहेब ज्या बाजाराकडे बघत होते, त्याचे गणित काय असते ते सोप्या शब्दांत मांडू. रोखा म्हणजे सरकारने किंवा कंपनीने दिलेले वचन. त्या काळात साडेतीन टक्के व्याजाचे सरकारी कागद बाजारात असत. शंभर रुपयांच्या कागदावर वर्षाला साडेतीन रुपये, बस. भाव दुप्पट झाले तरी साडेतीनच. मग महागाई वाढू लागली की नवे कर्ज देणारा म्हणतो, एवढ्या व्याजात मला परवडत नाही, पाच टक्के द्या. नव्या कागदावर पाच रुपये मिळत असताना जुना साडेतीनचा कागद शंभराला कोण घेईल? ज्याची मुद्दल परत मिळण्याची तारीखच ठरलेली नाही, असा कागद मग सत्तरच्या आसपास उतरतो, कारण सत्तर रुपयांवर साडेतीन म्हणजे पाच टक्के. व्याज सात टक्क्यांवर गेले तर त्याचे पन्नास होतात. कागद तोच, सही तीच, सरकारही तेच, आणि धन्याची अर्धी पुंजी गेलेली असते. व्याजदर वर गेला की जुन्या रोख्याचा भाव खाली येतो आणि व्याजदर उतरला की भाव चढतो, हा तराजू तेव्हा होता आणि आजही आहे.

शेअरचे तसे नाही. शेअर म्हणजे ठरलेली रक्कम नव्हे, तो नफ्यातला वाटा आहे. कापडाचा भाव चढला, पण मजुरी जिथल्या तिथे राहिली, तर मधली सगळी रक्कम नफ्यात जाते आणि शेअर उसळतो. म्हणून सौम्य महागाईत शेअरवाला खूष असतो. पण महागाई हाताबाहेर गेली, कर्ज महाग झाले, सरकारी कागदावरच चांगले व्याज मिळू लागले, की लोक जोखमीच्या शेअरमधून पैसा काढतात आणि तिथेही भाव कोसळतात. शिवाय मजूर एक दिवस जागा होतोच. मुंबईत जानेवारी १९१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९२० मध्ये गिरणी कामगारांचे प्रचंड संप झाले, ते महागाईवरून. युद्धाच्या आधी शंभर रुपयांत जो प्रपंच भागत होता, त्याला १९२० मध्ये जवळजवळ दुप्पट पैसे लागत होते.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. मजुरी हीसुद्धा एक ठरलेली रक्कमच आहे. मजूर म्हणजे असा रोखेधारक, ज्याला आपला रोखा बाजारात विकताही येत नाही. श्रीमंत माणूस महागाईची चाहूल लागताच कागद विकून शेअर घेतो, सोने घेतो, जमीन घेतो. गिरणीतल्या बदलीवाल्याने काय विकायचे आणि काय घ्यायचे? त्याला फक्त थांबता येते, नाहीतर संप करता येतो. पैशाच्या किमतीकडे बाबासाहेबांनी ज्या डोळ्यांनी पाहिले, ते डोळे या माणसाचे होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये. तिथे शिक्षकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यालाही विटाळ झाला. तो अपमान गिळून त्यांनी पैसा साठवला, ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ काढला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये साठवलेली रक्कम व नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला निघाले.

आणि नेमके त्याच वर्षी रुपयाने गटांगळी खाल्ली. युद्धात चांदी महाग झाल्याने रुपयाचा भाव वर वर नेण्यात आला होता. फेब्रुवारी १९२० मध्ये एका रुपयाला २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास मिळत होते, म्हणजे एक पौंड साधारण सात रुपयांना. सरकारने नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने हा चढा भाव कायमचा समजून दोन शिलिंग सोन्याचा दर ठरवून दिला. तो टिकवण्यासाठी सरकार लंडनमधली गंगाजळी उपसून स्वस्तात पौंड विकत राहिले. ज्यांच्या हातात पैसा होता त्या सटोडियांनी आणि साहेब लोकांनी ते पौंड लुटले, तिजोरीला कोट्यवधींची खोट आली आणि शेवटी दर कोसळलाच. १९२१ मध्ये त्याच पौंडाला पंधरा रुपयांच्या घरात पैसे मोजावे लागत होते. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसणाऱ्या या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो बघा. पाच हजार रुपयांचे एका भावाने सातशे पौंड होतात आणि दुसऱ्या भावाने तीनशे तेहतीस. इकडे परळच्या बी. आय. टी. चाळीत रमाई मोजक्या पैशात संसार ओढत होत्या, आणि मुंबईतली महागाई त्याच वर्षी कळसाला पोहोचली होती. एकाच रुपयाने नवऱ्याला लंडनमध्ये मारले आणि बायकोला मुंबईत. रुपयाचा प्रश्न हा विषय बाबासाहेबांनी प्रबंधासाठी निवडला तेव्हा तो त्यांच्या घरातलाच प्रश्न होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मधल्या काळात ते जर्मनीत बॉन येथेही जाऊन आले. त्या काळी जर्मन मार्क कागदाच्या मोलाकडे चालला होता. लवकरच, १९२३ मध्ये, युद्धकर्जाचे रोखे घेऊन बसलेला तिथला मध्यमवर्ग पुरता धुऊन निघाला आणि कर्ज काढून कारखाने घेतलेले उद्योगपती मात्र तरले.

प्रबंधाचा गाभा असा. १८३५ च्या कायद्याने सबंध ब्रिटिश भारतात चांदीचा एकच रुपया चालू झाला. १८७३ नंतर जगभर चांदी घसरली तसा रुपयाही घसरत गेला. विलायतेला द्यायच्या खर्चाचा बोजा रुपयांत वाढू लागला म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टाकसाळी बंद केल्या. पुढे फाउलर समितीने १ शिलिंग ४ पेन्सचा दर आणि सोन्याचे चलन सुचवले, पण सोन्याचे चलन काही आले नाही. आली ती एक मधलीच व्यवस्था. देशात रुपया फिरवायचा, सोने लंडनमध्ये ठेवायचे आणि फक्त परदेशी देण्याघेण्यासाठी दर सांभाळायचा. याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची भलामण केली होती. केन्स म्हणजे त्या काळातही लहान नाव नव्हे. त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो मुंबईच्या चाळीतून आलेला एक विद्यार्थी.

बाबासाहेबांचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता. पौंडाशी दर स्थिर आहे म्हणजे रुपया स्थिर आहे, हे त्यांना मान्य नव्हते. रुपयाची खरी किंमत त्याला किती धान्य, किती कापड मिळते यावरून ठरते, लंडनमध्ये त्याचे किती पेन्स होतात यावरून नाही. रुपये किती पाडायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडले, तर ते गरजेपेक्षा जास्त पाडतील, भाव वाढतील आणि त्याचा मार सर्वसामान्यांवर बसेल, असे त्यांनी आकडे आणि सरकारी कागदपत्रे देऊन दाखवले. त्यांचा उपाय होता सोन्याच्या चलनाची टाकसाळ उघडण्याचा, आणि रुपयाची टाकसाळ लोकांसाठी आहे तशीच सरकारसाठीही बंद करण्याचा. रुपयांच्या संख्येला कायद्याचे कुलूप घाला आणि किल्ली सरकारच्या हातात ठेवू नका, हा त्याचा मथितार्थ. आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत, आम्हाला यात पुढचा घटनाकार दिसतो. सत्ता चांगल्या माणसाच्या हातात जाईल या आशेवर राहायचे नाही, तिच्या हाताला नियमाने मर्यादा घालायची.

प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला आणि परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथून सुधारित प्रत पाठवली, नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध केले. प्रा. एडविन कॅनन यांना त्यातली सगळी मते पटली नव्हती, तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली. ग्रंथ अर्पण केला आहे तो आई-वडिलांना. मुलीचा दागिना गहाण टाकणाऱ्या सुभेदारांचे ऋण रुपयाच्या ग्रंथावर असे नोंदले गेले.

मुंबईत वकिली सुरू झाली, पण चालत नव्हती. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर खटले कशाला पाठवतील? १९२५ पासून काही काळ त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवले. त्याच वर्षी भारतीय चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन आले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांची साक्ष झाली.

तेव्हा सगळा देश दोन पेन्सवरून भांडत होता. रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर ठेवायचा की ४ पेन्सवर आणायचा? मुंबईचे गिरणीमालक आणि निर्यातदार चारच्या बाजूचे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास कमिशनचे सदस्य होते, त्यांनी तर वेगळी मतपत्रिकाच जोडली. स्वस्त रुपया म्हणजे देशप्रेम, अशी हवा होती. पुढे जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही १ शिलिंग ४ पेन्सची मागणी होती. बाबासाहेबांनी या देशप्रेमाची वजाबाकी करून दाखवली. रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात हे खरे, पण ते परदेशातून येत नाहीत. देशात भाव वाढतात, मजुरी मागे राहते आणि मजुराच्या खिशातून निघालेला पैसा धंदेवाल्याच्या खिशात जातो. देशाचा फायदा म्हणून जो सांगितला जातो, तो देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढून घेतलेला असतो. म्हणून त्यांचा कल सहा पेन्सकडे झुकलेला होता. एखाद्याला वाटेल की यामुळे ते सरकारच्या बाजूचे ठरले. अजिबात नाही. सरकारची सगळी चलनपद्धतीच त्यांनी मोडीत काढली होती. ते ना लंडनच्या बाजूचे होते, ना दलाल स्ट्रीटच्या.

इथे थोडे थांबून बोलतो. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथातून जन्मली, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. वकिलाच्या सवयीने आम्ही जेवढे पुराव्यात बसते तेवढेच सांगू. ज्या कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, त्याच कमिशनने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांच्या साक्षीचा मुख्य भर मात्र चलनाचे परिमाण आणि दर यांवर होता. त्यांनी सांगितलेले काम नवी बँक काढण्यापेक्षा अवघड आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा दुरुस्त करून महागाईचे लक्ष्य चार टक्के, दोन टक्के इकडे किंवा तिकडे, असे बांधून दिले गेले आणि व्याजदर ठरवायला समिती नेमली गेली. सोने गेले, परिमाणे बदलली, पण पैसा निर्माण करणाऱ्याला नियमाने बांधायचे हा विचार आमच्या मते बाबासाहेबांच्या १९२३ च्या मांडणीशी नाते सांगणारा आहे.

१९२७ मध्ये सहा पेन्सचा दर कायद्याने ठरला. नंतर १९२९ ची जागतिक मंदी आली आणि शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. आता उलटे घडले. सावकाराचे कर्ज रुपयांत ठरलेले, ज्वारीचा भाव पडलेला. पूर्वी दहा मणांत फिटणारे कर्ज वीस मणांतही फिटेना. दर टिकवण्यासाठी सरकारने चलन आखडते घेतले आणि व्याजदर चढे ठेवले, त्याने घाव आणखी खोल गेला. शेतकरी घरातले सोने विकू लागला. महागाई मजुराला मारते आणि मंदी कर्जदाराला, आणि आपला माणूस तर मजूरही होता आणि कर्जदारही. काही अभ्यासक हे दाखवून बाबासाहेबांच्या साक्षीत खोट काढतात. पण त्यांचा मूळ आग्रह भाव स्थिर ठेवण्याचा होता, भाव पाडण्याचा नव्हता. आणि ग्रामीण कर्जदाराला ते विसरलेही नाहीत. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत आणले.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या काळात त्यांच्या ग्रंथातले भाकीत डोळ्यांपुढे उभे राहिले. ब्रिटन युद्धासाठी भारतातून माल उचलत होते आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने खात्यावर मांडत होते. त्या नोंदीच्या जोरावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत होती. लंडनमध्ये गंगाजळी, भारतात कागद! घाऊक भाव युद्धकाळात दुपटीहून अधिक झाले, १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. बँक दर मात्र १९३५ पासून तीन टक्क्यांवर ठेवला होता, तो १९५१ पर्यंत हलला नाही. तीन टक्क्यांच्या रोख्यात पैसा ठेवणाऱ्याची पुंजी महागाईने खाल्ली, आणि शेअर बाजारात पुन्हा तेजीचा सट्टा रंगला. बाबासाहेब त्याच सरकारात बसलेले होते, चलन त्यांच्या हातात नव्हते, मजूर खाते होते. त्या खात्यातून त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी आणणारी त्रिपक्षीय परिषद चालवली आणि १९४४ मध्ये कामगारांची मजुरी व राहणीमान यांची चौकशी करणारी रेगे समिती नेमली. मजुराच्या घरात नेमका किती खर्च होतो हे मोजल्याशिवाय महागाई भत्त्यावर वाद घालता येत नाही. महागाई भत्ता म्हणजे तरी काय? ठरलेल्या रकमेला भावाच्या निर्देशांकाशी बांधण्याची दोरी.

ती दोरी आज कुठे आहे, हे आमच्या नोकरदार वाचकांनी तपासावे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन मिळाली नाही, त्यांची रक्कम नव्या योजनेत शेअर आणि रोख्यांत गेली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते याच कारणाने. पुढे शासनाने योजनेत बदल केले, पण मधली वर्षे माणूस बाजाराच्या भरवशावर राहिला. भविष्य निर्वाह निधीचा पैसा तर आधीपासून रोख्यांत होताच, ऑगस्ट २०१५ पासून त्यातला काही भाग शेअर बाजारातही जाऊ लागला. म्हणजे ज्याने दलाल स्ट्रीट कधी पाहिली नाही, त्या सफाई कामगाराच्या म्हातारपणाची भाकरी तिथे ठेवलेली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा जुन्या रोख्यांचे भाव उतरले, गृहकर्जाचे हप्ते वाढले आणि मुदत ठेवीवाल्या म्हाताऱ्यांना थोडा दिलासा मिळाला. चॅनेल बदलणाऱ्या त्या आपल्या माणसाच्या घरात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असू शकतात.

आम्ही कोर्टात हे रोज बघतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४ हुकूमनाम्यानंतर साधारणपणे सहा टक्क्यांपर्यंतच व्याज देते, व्यापारी व्यवहार वेगळे. महागाई सहाहून अधिक असेल तर पैसे देणारा अपील करून वर्षे काढतो, आणि उशीर केल्याबद्दल त्यालाच बक्षीस मिळते. निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागतो आणि रुपया विरुद्ध बाजूने.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन, मूलभूत उद्योग आणि विमा हे सरकारी मालकीचे असावेत अशी मागणी केली. मालकांची जमीन फुकट घ्या असे ते म्हणाले नाहीत. किमतीइतके कर्जरोखे द्यावेत, ते वारसाला देता यावेत, दुसऱ्याला विकता यावेत, आणि त्यावरचे व्याज कायद्याने ठरवावे, अशी ती योजना होती. आयुष्यभर रोखेवाला आणि मजूर यांच्यातली दरी पाहिलेल्या माणसाने इथे हुशारीने अदलाबदल केली आहे. जमीन कसणाऱ्याच्या सामुदायिक शेतीला जाणार आणि ठरलेल्या रकमेचा कागद जमीनदाराच्या हाती येणार. प्रत्येक प्रौढाला सक्तीचा आयुर्विमा असावा आणि तो सरकारनेच द्यावा, हीही मागणी त्यातच होती. संविधान सभेने हा आराखडा काही स्वीकारला नाही.

त्याच १९४७ मध्ये मुंबईच्या थॅकर कंपनीने रुपयावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती भारतीय चलन आणि बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून काढली. १९२३ नंतरची हकीकत, म्हणजे सहा पेन्सचा दर, मंदी, रिझर्व्ह बँक आणि युद्धातली महागाई, दुसऱ्या खंडात येणार होती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद आले, मग हिंदू कोड बिल, राजीनामा, ढासळती प्रकृती आणि धम्माचे काम. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा सरकारी झाला आणि महामंडळ सुरू झाले. तीन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीच्या अलीपूर रोडवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसरा खंड लिहून झाला नव्हता.